न बसलेला गूळ: एका आधणाचं प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर डिसेंबरच्या अखेरीस लागोपाठ दोन आधणं (कढईत एका वेळी आटवलेला रस म्हणजे एक आधण) बिघडली. करपली नाहीत, उतू गेली नाहीत. रस नेहमीसारखा आटला, पाक वाफ्यात (पाक निववायच्या पसरट टाकीत) ओतला, घोटला, फडकं घातलेल्या बादल्यांत भरला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बादल्या उपड्या केल्या तेव्हा रवे (गुळाच्या ढेपा) उभे राहिनात. वरून कोरडे, आतून चिकट. बोट दाबलं की रुतायचं, आणि दुपार होईतो बुडाशी पाझर सुटला. आठवडाभर आधी त्याच फडातल्या उसाचा, त्याच कढईतला, त्याच गुळव्याच्या (गूळ करणाऱ्या कारागिराच्या) हातचा गूळ मात्र कडक आणि रवाळ उतरला होता.

(गुऱ्हाळाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. शिकवायला सोपं जावं म्हणून एकाहून जास्त ठिकाणचे अनुभव इथे एका प्रसंगात गुंफले आहेत.)

मधल्या दिवसांत काय झालं होतं ते आधी सांगायला हवं. ऊस तोडून मोळ्या गुऱ्हाळापाशी येऊन पडल्या आणि अवकाळी पावसानं गाठलं. पाऊस थांबला तर चरकाचं बेअरिंग गेलं. ते बसेपर्यंत तोडलेला ऊस तसाच पडून राहिला, ऊन आणि ओल दोन्ही खात. जाळायला म्हणून वाळत घातलेली चिपाडं (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) भिजली. आणि चुन्याची पिशवी, जी एरवी तोंड बांधून ठेवतात, ती कोपऱ्यात उघडीच राहिली.

म्हणजे एकाऐवजी तीन गोष्टी बदलल्या होत्या, आणि प्रत्येकाला आपापला गुन्हेगार सापडला होता. मालकांचं म्हणणं, चुना कमी पडला. चुलवाणात जाळ घालणाऱ्याचं म्हणणं, चिपाडं ओली, जाळच लागत नव्हता, दोष तिथला. गुळवेमामांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालक, ऊस शिळा हाय. शिळ्या उसाला चुना काय करणार आन् जाळ काय करणार?"

मालकांची पुतणी नववीत. तिच्या वर्गात त्याच सुमारास भौतिक आणि रासायनिक बदलांची उजळणी चालू होती, आणि चाचणीत एक प्रश्न आला होता: उसाच्या रसापासून गूळ तयार होणे हा कोणता बदल? उत्तरसूचीत 'भौतिक' असं होतं. पाणी उडून गेलं, साखर मागे राहिली, संपलं. तिनं 'दोन्ही' लिहिलं आणि गुण गेला. तिच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी गुण परत द्यायच्या आधी वर्गालाच गुऱ्हाळावर नेलं. नेमकं तिथे हे भांडण चाललेलं.

कढईत काय चालतं

ताजा रस म्हणजे बहुतांशी पाणी. शंभर किलो रसात ऐंशी किलोच्या आसपास पाणी असतं, बाकीच्यात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली डब्यातली साखर. शिवाय थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, क्षार, प्रथिनं, सेंद्रिय आम्लं, आणि न विरघळलेला गाळ. पुस्तकाच्या भाषेत हे मिश्रण आहे. मिश्रण असल्यामुळेच घटक वेगळे करता येतात: गाळ कापडानं, मळी झाऱ्यानं, पाणी जाळानं.

आटवण्याचा भाग सरळ भौतिक आहे. वाफ थंड ताटलीवर धरली की पाणीच मिळतं. मुलांनी ताटली धरली, थेंब चाखले, गोड नव्हते. इथपर्यंत उत्तरसूची बरोबर.

शिक्षकांनी तापमापी आणली होती, पण शाळेतली नेहमीची नाही. ती ११० अंशांपर्यंतच जाते आणि गुळाचा पाक त्याच्या पुढे चढतो. ३६० अंशांची तापमापी एका लांब काठीला बांधून दर पाच मिनिटांनी आकडा घेतला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, त्यामुळे तिथे साधं पाणी शंभराला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रसही तिथून थोडं वर उकळू लागला आणि मग आकडा जवळजवळ थांबला. खाली जाळ चालू, वर उकळी चालू, पारा मात्र जागचा हलेना. मुलांना वाटलं, तापमापी बिघडली.

बिघडली नव्हती. आत जाणारी उष्णता तापमान वाढवण्यात जात नव्हती, पाण्याची वाफ करण्यात जात होती. एक किलो पाणी २५ अंशांवरून ९८ अंशांवर न्यायला सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात; तेच पाणी वाफ होऊन जायला २,२०० किलोज्यूलच्या वर. हजार किलो रसातून पावणेआठशे ते आठशे किलो पाणी घालवायचं असतं. हिशोब केला तर रस उकळीला आणण्यासाठी जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सहापट नुसती वाफ करण्यात खर्च होते. गुऱ्हाळाचा बहुतेक सगळा वेळ, आणि बहुतेक सगळी चिपाडं, या एका कामात जातात.

शेवटी मात्र चित्र पालटतं. पाणी कमी होत गेलं की द्रावण दाट होतं, आणि दाट द्रावणाचा उत्कलनांक वर सरकतो. १०५च्या पुढे तापमान झपाट्यानं चढतं. इथून पुढची काही मिनिटं गुळव्याची. तो तापमापी बघत नाही. थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, गोळी कशी धरते आणि काठावर मारल्यावर कशी वाजते ते ऐकतो. मामांनी "उतरा" म्हटलं तेव्हा मुलांच्या तापमापीवर ११८ होतं. एका मुलीनं विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मामा म्हणाले, "तुमच्या नळीला कसं कळलं?"

आता कळीचा भाग. हे सगळं चालू असताना त्याच कढईत दुसरा एक बदल होत असतो, ज्याचा कुणाला पत्ता लागत नाही. सुक्रोजचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हातात हात घालून उभे. पाण्याचा एक रेणू मध्ये शिरला की हात सुटतात आणि दोघं वेगळे होतात. सुक्रोजचं हे जलापघटन आहे. वजनाचा हिशोब चोख: ३४२ ग्रॅम सुक्रोज आणि १८ ग्रॅम पाणी मिळून १८० ग्रॅम ग्लुकोज आणि १८० ग्रॅम फ्रुक्टोज. ३६० आत, ३६० बाहेर. काही हरवलं नाही, काही नवं आलं नाही, पण पदार्थ बदलला. सुक्रोज होतं ते राहिलं नाही.

हा बदल रासायनिक आहे यात शंका नाही, आणि तरी वर्गात आपण रासायनिक बदलाच्या ज्या खुणा पाठ करून घेतो त्यातली एकही इथे दिसत नाही. बुडबुडे नाहीत, रंग नाही, वास नाही, जाणवेल अशी उष्णता नाही, गाळ नाही. स्वच्छ गोड द्रावण होतं, स्वच्छ गोड द्रावणच राहतं. चवीनंही कळत नाही. फ्रुक्टोज तर साखरेपेक्षा गोड असतं, त्यामुळे शिळ्या उसाचा रस जिभेला फारसा कमी लागत नाही. उलट ज्या खुणा डोळ्यात भरतात, रसाचं उकळणं, फेसाचं चढणं, पातळाचं घट्ट होणं, त्यातल्या बऱ्याचशा भौतिक बदलाच्या. नुसत्या खुणांवर विसंबलं की हे असं उलटंपालटं होतं, आणि उत्तरसूची करणाऱ्याचं तेच झालं असावं.

आता हा बदल गुळाला का नडतो? गूळ बसतो तो सुक्रोजचे स्फटिक बनल्यामुळे. पाक थंड होताना आणि घोटताना सुक्रोजचे रेणू एकावर एक रांगेत बसतात आणि लाखो बारीक कण तयार होतात. गूळ रवाळ लागतो तो त्यामुळेच. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रांगेत बसत नाहीत, मध्ये मध्ये घुसून ती मोडतात. फ्रुक्टोज स्वतः सहजासहजी स्फटिक होत नाही, वर हवेतली ओल ओढून घेतं. चांगल्या गुळातही या दोघांचा थोडा वाटा असतोच, साधारण दहा ते पंधरा टक्के. तो असतो म्हणून गूळ साखरेसारखा कोरडा दाणेदार न होता एकसंध राहतो. वाटा वाढला की रवा आधी मऊ पडतो, मग पाझरतो.

माझ्या मते गुळव्याच्या कसबाचं वर्णन एका वाक्यात करायचं तर ते असं: एक भौतिक बदल शेवटाला न्यायचा आणि तेवढ्याच वेळात एक रासायनिक बदल रोखून धरायचा. चुना, मोठा जाळ, ताजा ऊस, घाई, सगळं त्यासाठी. हा धागा हाती धरला की तिन्ही संशयितांची तपासणी नीट करता येते, कारण तिघांनाही एकच प्रश्न विचारायचा असतो: सुक्रोज फुटायला तू किती मदत केलीस?

रसाची परीक्षा

पहिला प्रयत्न फसवा निघाला. मालकांकडे हातात धरायचं ब्रिक्स मीटर होतं. शिळ्या उसाचा रस त्यावर टाकला तर आकडा ताज्यापेक्षा जास्त. मालक खुश झाले. "बघा, गोडी वाढलीय. ऊस शिळा असता तर कमी नको का व्हायला?"

ब्रिक्स मीटर प्रकाश किती वळतो ते बघतं आणि त्यावरून द्रावणात एकूण किती पदार्थ विरघळलाय ते सांगतं. तो पदार्थ सुक्रोज आहे की फुटलेलं सुक्रोज, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पडून राहिलेल्या उसातलं पाणी उडतं, रस दाटतो, आकडा वाढतो. शिवाय फुटताना सुक्रोज पाणी पोटात घेतं, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचं वजनही किंचित वाढतं. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत म्हणूनच ब्रिक्सबरोबर 'पोल' काढतात: ध्रुवित प्रकाश द्रावणातून किती अंशांनी फिरतो त्यावरून सुक्रोज वेगळं मोजलं जातं. सुक्रोज प्रकाश उजवीकडे फिरवतं, फुटलेलं मिश्रण डावीकडे. गुऱ्हाळावर ते यंत्र नसतं.

शाळेत मात्र बेनेडिक्टचं द्रावण असतं. निळं, त्यात तांबं आणि सोडा. ग्लुकोज किंवा फ्रुक्टोजबरोबर तापवलं की हिरवं, पिवळं, आणि जास्त असेल तर विटकरी. शुद्ध सुक्रोजबरोबर निळंच राहतं. वर्गानं आधी हे साखरेवर पडताळलं, आणि ही पायरी मला फार आवडली, कारण आरोपीला पकडण्याआधी साक्षीदार खरा बोलतो का ते त्यांनी तपासलं. साखरेचं पाणी दोन परीक्षानळ्यांत. एकात लिंबाचा रस घालून दोन्ही गरम पाण्यात पंधरा मिनिटं उकळत ठेवल्या, मग लिंबाच्या नळीत आंबटपणा जाईपर्यंत खायचा सोडा, आणि दोन्हींत बेनेडिक्ट. नुसत्या साखरेची नळी निळी राहिली, लिंबाची लाल झाली. गुलाबजामच्या पाकात आई लिंबू का पिळते याचं उत्तर एका मुलानं तिथेच दिलं: थोडं सुक्रोज फोडायला, म्हणजे पाकाची साखर होत नाही. जे आईला हवं तेच मामांना नको.

मग रस. ताज्या उसाच्या रसानंही थोडा हिरवट-पिवळा रंग दिला. उसात ग्लुकोज-फ्रुक्टोज मुळात थोडं असतंच. शिळ्या रसाची नळी सरळ विटकरी. नुसतं 'जास्त' म्हणून थांबायला नको म्हणून शिळा रस पाण्यानं पातळ करत नेला, ताज्याइतकाच रंग येईपर्यंत. बराच पातळ करावा लागला. ही काही काटेकोर मोजणी नव्हे, पण इतकं निर्विवाद कळलं की सुक्रोज कढईत पडण्याआधीच, चिपाडाची एक काडीही न जळता, फुटलेलं होतं.

फोडलं कुणी? उसातच इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ऊस उभा असताना त्याचं काम वाढीसाठी साखर मोकळी करणं. ऊस तोडला तरी ते काम थांबवत नाही. त्यात तोडलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात. ते साखर खातात, आम्ल सोडतात, आणि ल्युकोनोस्टॉकसारखे काही जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतात, ज्यानं रस तारदार होतो आणि आटायला त्रास देतो. को ८६०३२ असो की गुळासाठी नावाजलेली को ९२००५, जात कोणतीही असली तरी तोडणी आणि गाळप यांतलं अंतर वाढलं की हे होणारच. गुळवेमामांना विकराचं नाव माहीत नव्हतं. "तोडल्याबरुबर ऊस मरत न्हाई, आत कायतरी चालूच ऱ्हातं," एवढं त्यांचं निदान होतं, आणि त्यात बदल करावा असं काही सापडलं नाही.

चुन्याची बाजू

मालकांचा संशय अगदी हवेतला नव्हता. उसाचा रस किंचित आम्लधर्मी, सामू (pH) सव्वापाच-साडेपाचच्या आसपास. आम्लात आणि उष्णतेत सुक्रोज भराभर फुटतं. वेग हायड्रोजन आयनांवर ठरतो. सामू एकानं खाली म्हणजे आयन दहापट, आणि फुटण्याचा वेगही जवळपास तितकाच. चुन्याची निवळी घालून सामू सहाच्या वर नेला की हा वेग एका झटक्यात दाबला जातो. शिवाय चुन्यातलं कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटशी संयोग पावून न विरघळणारा गाळ करतं, तो प्रथिनं आणि मळ धरून वर येतो, भेंडीचा चिकट रस त्याला गोळा करतो आणि झाऱ्यानं मळी निघते.

पण उघड्या पिशवीतला चुना चुना राहिला होता का? कळीच्या चुन्याला पाणी पाजलं की तो फुलतो, चांगलाच तापतो: ५६ ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड, १८ ग्रॅम पाणी, ७४ ग्रॅम विरलेला चुना. हाच विरलेला चुना हवेत, त्यातही दमट हवेत, उघडा राहिला की कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. भिंतीचा चुना घट्ट होतो तो असाच. ७४ ग्रॅम चुना, ४४ ग्रॅम वायू, त्यातून १०० ग्रॅम चुनखडी आणि १८ ग्रॅम पाणी. पांढरा होता, पांढराच राहतो. इथेही डोळ्याला काही दिसत नाही.

तपासणी सोपी होती. नव्या डब्यातल्या चुन्यावर व्हिनेगर टाकलं, काही विशेष झालं नाही. उघड्या पिशवीतल्या चुन्यावर टाकलं तर फसफसून आलं. म्हणजे पिशवीतला बराच माल मेलेला होता आणि मामांनी नेहमीच्या मापानं घातलेला चुना प्रत्यक्षात कमीच पडला होता. मालक अर्धे बरोबर.

अर्धेच, हे तिसऱ्या आधणानं दाखवलं. शिळा ऊस अजून शिल्लक होता. मालकांच्या आग्रहानं ताजा चुना आणला आणि हात सैल सोडून घातला. गूळ काळपट तांबडा झाला, किंचित कडवट, आणि बसला नाही तो नाहीच. कारण उघड आहे: चुना सुक्रोजला फुटण्यापासून वाचवतो, फुटलेलं जोडत नाही. उलट जास्त चुना पडला की ग्लुकोज-फ्रुक्टोजच मोडून गडद रंगाची द्रव्यं तयार होतात. आधीच ज्या रसात त्यांचं प्रमाण जास्त, त्यात ते दुप्पट दिसतं. मामांनी हे होणार असं आधी सांगितलं होतं. मालकांना मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि तीनएकशे रुपयांच्या चुन्यापेक्षा ते आधण त्यांना बरंच महाग पडलं.

याच टप्प्यावर कुणीतरी 'पावडर' मारायचं सुचवलं. पावडर म्हणजे हायड्रोस, सोडियम हायड्रोसल्फाइट. बाजाराला पिवळा गूळ हवा असतो म्हणून ती सर्रास पडते. ती रंगद्रव्यांचं क्षपण करते, गूळ उजळतो. साठवणीत हवेच्या संपर्कानं रंग पुन्हा गडद होत जातो, गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो. न बसण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. मालकांनी ती घातली नाही ही त्यांची चांगली गोष्ट.

ओली चिपाडं

याचा निकाल लवकर लागतो. ओल्या चिपाडाच्या जळण्यातली बरीच उष्णता त्याच्याच पोटातलं पाणी उडवण्यात जाते, कढईला उरते ती कमी. आधण नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ चुलवाणावर राहिलं. गरम आम्लधर्मी रस जितका वेळ गरम, तितकं सुक्रोज फुटणार. म्हणजे दोष आहेच. प्रश्न एवढाच की किती.

त्याचं उत्तर देणारा प्रयोग योगायोगानं झाला. नवी तोडणी आली, ऊस दुसऱ्या दिवशी सकाळी गाळला, चुना ताजा, बेताचा. चिपाडं अजून पुरती वाळलेली नव्हती, तरी तीच जाळली. आधण लांबलं. गूळ रंगाला जरा लाल आणि नेहमीपेक्षा थोडा मऊ उतरला, पण रवे उभे राहिले. एका आधणावरून पक्कं काही म्हणू नये, तरी माझा कौल असा: तिघेही दोषी, पण पहिला वाटा शिळ्या उसाचा, आणि तोही मोठ्या फरकानं. मेलेला चुना आणि मंद जाळ यांनी आधीच पडझड झालेल्या घराला धक्का दिला. ताज्या उसावर या दोघांचा एवढा परिणाम दिसला नसता.

उरलेल्या उसाचं काय केलं

थोड्या मोळ्या अजून बाकी होत्या. त्यांचा गूळ करायचाच नाही, काकवी काढायची, असं मामांनी ठरवलं. काकवी म्हणजे तोच पाक, पण ११८ला नाही, १०५-१०६ अंशांना उतरवलेला, पाणी जास्त राखलेला. काकवीला स्फटिक नकोच असतात. बाटलीच्या तळाशी साखर बसली की गिऱ्हाईक तक्रार करतं. ती बसू नये म्हणून काकवी करणारे मुद्दाम किंचित सायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे सुक्रोज जाणूनबुजून फोडतात. या रसात ते काम आयतं झालेलं. गुळाला जो दोष तोच इथे सोय. तारदारपणा थोडा होता, मळी काढायला त्रास झाला, पण काकवी खपली.

पुढच्या तोडण्यांसाठी त्यांनी नियम केला: चरक जेवढा दुसऱ्या दिवशी खाईल तेवढाच ऊस तोडायचा, अडलंच तर मोळ्या सावलीत, पाचटानं झाकून, वर पाणी शिंपडून ठेवायच्या, चुन्याच्या पिशवीचं तोंड बांधायचं. नवीन यात काही नाही, मामांच्या वडिलांच्या वेळीही हेच होतं.

वर्गातला तक्ता

परत आल्यावर शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखले आणि गुऱ्हाळावर पाहिलेला प्रत्येक बदल मुलांनी कुठल्यातरी रकान्यात टाकायचा, पण सोबत एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: आधी जो पदार्थ होता तोच आता आहे का? 'परत पूर्ववत होतो का' ही कसोटी त्यांनी मुद्दाम काढून टाकली. ऊस चरकातून गेला की परत ऊस होत नाही, तरी ते चिरडणं भौतिकच. आणि चुनखडीचा चुना करून पुन्हा चुनखडी मिळते, तरी दोन्ही टप्पे रासायनिक. ही कसोटी पुस्तकांतून अजून हद्दपार कशी होत नाही याचं मला नवल वाटतं.

चिरडणं, गाळणं, वाफ होणं, स्फटिक बसणं एका बाजूला गेले. चिपाडं जळणं, चुना विरणं, चुना मरणं, सुक्रोज फुटणं, पाकाला तपकिरी रंग चढणं दुसऱ्या. तपकिरी रंगावर थोडा वाद झाला, कारण पाणी कमी झालं की असलेला रंगही दाट दिसतो. पण पाक पुन्हा पाणी घालून रसाइतका पातळ केला तरी रसाचा रंग आला नाही. अमिनो आम्लं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज यांच्यातून नवे पदार्थ तयार झाले होते. फेस उतू जाऊ नये म्हणून मामा तेलाचे चार थेंब सोडतात, ते पहिल्या रकान्यात गेलं. मळी वर येण्यावर मात्र एकमत झालं नाही. चुना आणि फॉस्फेटचा गाळ रासायनिक. तो गाळ मळ धरून तरंगतो ते भौतिक. आणि उष्णतेनं प्रथिनं गोठतात त्याला काय म्हणायचं यावर तास संपला. शिक्षकांनी मळी दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिली.

पुतणीचा गुण तिला मिळाला.

न बसलेल्या रव्यांचा प्रश्न उरला होता. मालकांच्या मनात ते वितळवून पुन्हा आटवायचं होतं: पाणी जास्त राहिलं असेल तर आणखी उडवू. मुलांनी वाटीभर गूळ नेऊन शाळेत ते करून पाहिलं. पाणी घालून विरघळवला, पुन्हा ११८च्या पुढे नेला, ताटलीत ओतला. थंड झाल्यावर काचेसारखा कडक झाला, ठोकला तर तडकला, आणि मालकांना फोन करायची घाई झाली. शिक्षक म्हणाले, उद्यापर्यंत थांबा. उघड्यावर ठेवलेली ताटली दुसऱ्या दिवशी चिकट झाली होती, तिसऱ्या दिवशी तिच्यावर पाणी सुटलं. स्फटिक बनलेच नव्हते. नुसता घट्ट झालेला पाक होता, आणि फ्रुक्टोजनं हवेतली ओल ओढून तो पुन्हा सैल केला. पुन्हा आटवण्यात आणखी थोडं सुक्रोज फुटलंच असणार. रवे शेवटी जनावरांच्या खाद्यासाठी पडत्या भावात गेले.